ज्या दिवशी गाडी धावली नाही

मी, वैजयंती विनय सोनवणे, वय सत्त्याहत्तर, राहणार लीड्स, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. २०११ साली केलेले मृत्युपत्र यामुळे रद्द होते. माझे गुडघे गेले आहेत, पण डोके शाबूत आहे. एकतीस वर्षे मी जेट इंजिनांची तपासणी केली. हे वाक्यही तपासूनच लिहिले आहे.

१. राहते घर माझी मुलगी ईशिता हिला मिळावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. रडत बसू नये, हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सांभाळते तसे हेही सांभाळावे.

२. बँकेतली शिल्लक निम्मी ईशिताला, निम्मी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेला. त्यातून मुलींसाठी इंजिनिअरिंगची पुस्तके घ्यावीत. बाबासाहेबांच्या फोटोला हार पुष्कळ आहेत.

३. माझी हत्यारे, म्हणजे टॉर्च, भिंग आणि लांब दांडीचा आरसा, माझी भाची तनू हिला. ती केंब्रिजला संशोधन करते आणि तिच्याकडे याहून भारी यंत्रे आहेत. तरी ठेवावीत.

४. लाकडी डबीतले टर्बाइनचे फुटके पाते नॉर्मन हॅलम यांना द्यावे. का, ते लिहून ठेवते.

निवृत्तीनंतर मी जेट कार बांधणाऱ्या एका हौशी टीममध्ये गेले. जुन्या लढाऊ विमानाचे इंजिन, त्याला चार चाके. नॉर्मन प्रमुख, कीथ ड्रायव्हर, आणि इंजिन माझ्याकडे. माझी सही झाल्याशिवाय गाडी सुटायची नाही, हा नियम नॉर्मननेच केला होता. २००६च्या सप्टेंबरात यॉर्कशरमधल्या एका जुन्या धावपट्टीवर विक्रमाचा प्रयत्न ठरला. प्रायोजक, टीव्हीवाले, सगळे हजर. शेवटच्या तपासणीत एका पात्याच्या मुळाशी मला केसाएवढी रेघ दिसली. नॉर्मन म्हणाला, ती काजळी आहे. मी पुसून पाहिली होती. मग तो सर्वांसमोर म्हणाला की कारखान्यातल्या बाईला विक्रमाचे काय कळणार. मी सही केली नाही. त्याने माझ्याऐवजी स्वतः सही केली.

कीथ हेल्मेट घालून बसलेला होता. त्याने मला जवळ बोलावले.

"व्ही, तू स्वतः बसली असतीस का यात?"

"नाही."

त्याने हेल्मेट काढले आणि खाली उतरला. प्रायोजक निघून गेले. आठवड्याने इंजिन उघडले, तेव्हा त्या पात्याचे माझ्या बोटांत दोन तुकडे झाले. त्या वेळी नॉर्मन खिडकीबाहेर बघत होता. पेपरवाल्यांना त्याने सांगितले की हवामान खराब होते.

पुढच्या जूनमध्ये, माझ्या सहीने, कीथने ताशी दोनशे एक्याण्णव मैल गाठून त्या धावपट्टीचा विक्रम मोडला. गाडी समोरून गेली तेव्हा आवाज छातीत बसला. माझे दिवंगत पती विनय आयुष्यभर ताशी तीस मैलांच्या वर गाडी न नेणारे, ते माझा हात धरून म्हणाले, "हे तुझं इंजिन." आमच्या टीमच्या क्लबमधल्या विक्रमाच्या फलकावर अकरा नावे आहेत. माझे नाही.

नॉर्मनने माफी मागितलेली नाही आणि मी त्याला माफ केलेले नाही. पाते त्याने चष्मा लावून पाहावे, एवढेच.

५. अंत्यविधी विहारातल्या भन्तेंनी करावा. इथल्या रीतीप्रमाणे आठवण म्हणून बागेतल्या बाकावर माझ्या नावाची पाटी लावलीच, तर "प्रेमळ आई" वगैरेच्या आधी "जेट इंजिन तपासनीस" लिहावे.

६. कीथला मी काही ठेवलेले नाही. परवा तो आला होता. त्याला आता बहात्तरावे लागले आहे. घाईत होता, चहाही अर्धा टाकला; नातीला शाळेतून आणायचे होते. त्याला फाटकापर्यंत जाताना मी खिडकीतून पाहिले. या हातांनी काय केले असे कुणी विचारले, तर तो माणूस दाखवावा.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि खालील दोघांच्या देखत सही केली. या दोघांना यातून काही मिळणार नाही.

वैजयंती वि. सोनवणे

साक्षीदार:
यशोधन पाठारे, शेजारी
स्नेहल रणपिसे, ग्रंथपाल

लीड्स, १८ ऑक्टोबर २०२५