पानं चालतील

शनिवार, ५ ऑक्टोबर

एक तास. त्यातला पाऊण तास भिंगरी घड्याळाकडे बघत होती.

बाहुली नेली होती, ती भेटीच्या खोलीच्या दारातच काढून घेतली. “भेटवस्तू आत नेता येत नाही,” कोपऱ्यात वही घेऊन बसणाऱ्या बाई म्हणाल्या. मग काय नेता येतं? मी आणि माझं थोबाड! टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सात वर्षांची माझी मुलगी, मध्ये काहीच नाही. दोन मिनिटं एका जागी बसायची नाही म्हणून मीच तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. आता कशी बसते! दगडासारखी.

एकदाच बोलली. “अजून किती वेळ?”

तिची काय चूक? चौदा महिन्यांपूर्वी मी पिऊन स्कूटर चालवली, ती मागे बसली होती. मला साधं खरचटलंही नाही. तिचा हात कोपरात मोडला. तिची आई तिला घेऊन गेली, बरंच केलं. आता कोर्टानं दिलेला हा शनिवारचा तास, तोही त्या बाईंच्या पहाऱ्यात.

सोमवार, ७ ऑक्टोबर

वहीवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, झाडाखाली पडलेली पानं आणली तर ती भेटवस्तू होते का? कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाल्या, “पानं चालतील. कात्री, सुरी, सुई नको.”

पुस्तकं बांधण्यात माझी हयात गेली, आणि मला कात्री नको! म्हटलं, बरं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत पिशवीभर पानं गोळा केली. लाल, पिवळी, तपकिरी. शहाणपणा करून बाइंडिंगच्या प्रेसमध्ये घातली आणि करकचून आवळली. पानं ओली! रस गळून खालच्या पुठ्ठ्यांवर डाग. मालक ओरडले, “इथे पुस्तकं बांधतो आपण, पाला नाही वाटत!” सगळे खो खो हसले. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

घरी आल्यावर उरलेली जुन्या वर्तमानपत्रांत पसरली, वर दोन विटा ठेवल्या. एवढंच करायचं असतं!

शनिवार, १२ ऑक्टोबर

कागदाखाली पान ठेवलं. मेणाचा खडू आडवा धरून वरून घासायचा, हलक्या हातानं. शीर न् शीर उमटते. एक करून दाखवलं आणि गप्प बसलो. पाच मिनिटांनी तिनं माझ्या हातातला खडू ओढून घेतला. “सरक,” म्हणाली.

सरक! कुणी हारतुरे घातले असते तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

मग फाडकाम. कात्री नाही तर नाही, बोटांनी फाडायचं. पिवळ्या पानाचा मासा, लाल पानाचं शेपूट. फाडल्यामुळे कडा खरबरीत होतात, त्या खवल्यांसारख्या दिसतात. मैद्याची खळ घरून शिजवून नेली होती. बाईंनी डबी उघडून वास घेतला. डबीचा घेतला की माझा, देव जाणे.

“बाबा, तुझा हात का हलतो?”

“थंडी वाजते गं.”

कोपऱ्यात पेन चाललं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

दारूच्या दुकानावरून गेलो. थांबलो नाही. आज एवढंच.

शनिवार, १९ ऑक्टोबर

माळ केली. देठांना सुतळीच्या गाठी मारत मारत. खिडकीला बांधायची म्हणून भिंगरी खुर्चीवर चढली. उजवा हात पोचला. डावा कोपरापाशीच अडला — सरळ होतच नाही! मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं?

माझं तोंड बघून तीच म्हणाली, “दुखत नाही रे. थंडीत थोडंसं.”

पोर मला समजावते! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

मुकुट. पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर पानं चिकटवलेली. माझ्या डोक्यावर घातला, लांब जाऊन बघितलं. “राजा नाही दिसत. झाड दिसतोस!” वहीवाल्या बाई चक्क हसल्या.

निघताना हळूच म्हणाल्या, “अहवाल चांगला पाठवलाय. आठवड्या-दीड आठवड्यात कळेल. बहुतेक दर शनिवारी दिवसभर तुमच्या घरी. तुम्ही दोघंच.”

बसमध्ये लोक टकामका बघत होते. मुकुट डोक्यावरच राहिला होता!

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

घर झाडून-पुसून काढलं. इथे कात्री चालेल! बरणीला बाहेरून पातळ पानं चिकटवायची, आत दिवा लावायचा. काटक्यांची झोपडी. बियांचे डोळे लावलेलं घुबड. सगळं फुकटात. पानंही विटांखाली घालून ठेवली आहेत. असा हुरूप मला लग्नाच्या वेळीही नव्हता.

शनिवार, २ नोव्हेंबर

तिला सांगितलं, आता बहुतेक दर शनिवारी माझ्या घरी. वाटलं होतं, उडीच मारेल. ती हातातलं पान बारीक बारीक फाडत राहिली.

“घरी पण बाई असतील ना?”

“नाही. तू आणि मी.”

“मग बाईंना बोलव ना.”

म्हटलं, “मी आता पीत नाही गं, भिंगरे.”

“हो,” म्हणाली. “पण बाईंना बोलव.”

मला चिकटून बसली होती. खळ लागलेली बोटं माझ्याच बाहीला पुसत होती. आणि मला घाबरत होती! दोन्ही एकदम. राग कुणावर काढू? तिचं बरोबरच आहे. बाईंनी मान खाली घातली होती. लिहीत मात्र नव्हत्या.

सोमवार, ४ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणून मालकांना कळवलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बाईंचा फोन. परवानगी मिळाली! शनिवारी सकाळी दहाला भिंगरीला घेऊन जा, म्हणाल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद.

म्हटलं, बाई, तिला माझ्याकडे देऊ नका. परवाच्या शनिवारी तुमच्याकडून निघालो तो सरळ दुकानात गेलो. प्यायलो. रविवारीही.