हळदीनंतरचं कडवं

आये,

आमच्या बँडला पंचवीस वर्षं झाली. बँड म्हटलं की तुला शेवटपर्यंत बँजो पार्टीच वाटायची, म्हणून परत सांगतो: दोन गिटारवाले, एक ड्रमवाला, एक गायक आणि मी, ढोलकीवाला. पेपरवाले आम्हाला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. कोळीगीत, भजन, रॅप, विलायती आरडाओरडा, सगळं एकाच टोपात घालून ढवळतो म्हणून कौतुक करतात. तू ते टोप कुत्र्यापुढे ठेवलं असतंस आणि कुत्र्यानेही आधी तुझ्याकडे बघितलं असतं. पण लोक खातात. परवा ठाण्यात हॉल भरलेला. पन्नाशीचे पाच म्हातारे काळे टीशर्ट घालून उड्या मारतायत आणि खाली पोरं मोबाईल वर करून उभी. आमचा गायक वर्तकनगरचा, बाप बँकेत होता, खाडी त्याने पुलावरून पाहिलेली. स्टेजवर चढला की कमरेला कोळ्याचा रुमाल बांधतो आणि ओरडतो, ‘आम्ही खाडीची पोरं!’ आपल्याकडे जेवायला आला की सुकटीच्या वासाने नाकाला रुमाल लावतो. तोच रुमाल, आये, शपथ.

आणि हे सगळं ज्या एका गाण्यावर तरलंय ते गाणं तुझं. मुलाखतीत सांगून सांगून मला पाठ झालंय: ‘माझी आई धवलारीण होती. लग्नात ती धवले म्हणायची, तिने म्हटल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागलं असं कोणी मानायचं नाही.’ मुलाखत घेणारी मुलगी ‘वॉव’ म्हणते. मी मान खाली घालतो, फार नम्र दिसतो म्हणे त्यात.

तो दिवस मला आता, दिवा स्टेशनजवळच्या प्रॅक्टिसच्या खोलीत बसून लिहिताना, समोर दिसतोय. तू चुलीपाशी जवळा निवडत बसलीयस. डोंबिवलीचा आमचा गिटारवाला टेपरेकॉर्डर घेऊन उकिडवा बसलाय, डोळ्यांत धूर जाऊन रडतोय, पण उठत नाही. तू आधी हात धुतलेस, डोक्यावर पदर घेतलास, मग सुरू केलंस. चार कडवी म्हणालीस आणि मधेच, सूर वर गेलेला असताना, थांबलीस. परत जवळा निवडायला घेतलास.

‘मावशी, पुढचं?’ तो म्हणाला.

‘फुडचा हलद लागल्यावं.’

‘कोणाला हळद लागल्यावर?’

‘तुला लावू का र, सोकऱ्या?’

आम्ही खो खो हसलो. पण तू चेष्टा करत नव्हतीस. शेवटचं कडवं तू दर लग्नाला नवं, त्या नवरानवरीसाठी जुळवायचीस. हळद लागलेली माणसं समोर असल्याशिवाय तोंडातून काढायची नाहीस. मला हे माहीत होतं. तेवढंच माहीत होतं, कारण तू आत म्हणत असायचीस तेव्हा मी बाहेर बँजो पार्टीत ढोलकी बडवत असायचो. इतकी लग्नं वाजवली, एकदाही आत येऊन ऐकलं नाही.

तर ते गाणं आम्ही तसंच, मधेच तोडलेलं वाजवलं. पहिल्या कार्यक्रमाला तू नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसलेलीस. गाणं थांबलं, लोक उभे राहिले, आणि तू मांडीवर हात ठेवून बसून राहिलीस. घरी येताना रिक्षात म्हणालीस, ‘बरा झाला. कुनाचा लगीन नाय लागला.’ पुढे त्या तुटलेल्या शेवटावर केवढं लिहिलं गेलं! एकाला त्यात उखडलेल्या किनाऱ्याचा हुंदका ऐकू आला. एकाने अपूर्णतेचं सौंदर्य वगैरे चार कॉलम भरले. च्यायला, त्याला त्या चुलीपाशी पाच मिनिटं बसवायला हवं होतं. मला विचारलं, तिथे थांबायचं कसं सुचलं? मी म्हणालो, ‘तो निर्णय माझा होता.’ पंचवीस वर्षं मी हेच सांगतोय, आये. इतका निर्लज्ज झालोय की आता मलाही खरं वाटतं.

आता हे लिहायला बसलो, कारण रविवारी तुझ्या नातीची हळद आहे. ती हट्टाला पेटलीय. ‘पप्पा, मला डीजे नको. आजीचा धवला पाहिजे, पूर्ण.’ प्रॅक्टिसला हे बोललो तर आमच्या गायकाला उत्साह आला. दुसऱ्या दिवशी शेवटचं कडवं लिहूनच आणलं. त्यात दर्या होता, नाखवा होता, चांदण्यात होडी होती, फक्त नवरी नव्हती. मी कागद फाडून त्याच्या हातात दिला. ‘माझ्या आईच्या गाण्याला हात लावायचा नाही,’ असा आवाज चढवला की खालच्या मजल्यावरची पाण्यासाठी रांगेत उभी असलेली बाई वर बघायला लागली. तो म्हणाला, ‘अरे मग तू सांग ना शेवट, तुला येतो ना?’ मी ढोलकी आवळायला घेतली.

काल शहाडला मावशीकडे गेलेलो, लेकीकडे असते ती. तुझ्या मागे सूर धरणारी आता तेवढी एकच उरलीय. म्हटलं, नातीसाठी तू जुळव. ती हसली. ‘मना नाय जुलवता येत, बाबा. मी निसती मागं म्हननारी.’ मग चहा ओतत म्हणाली, ‘तुजे लग्नाचा कडवा तिना मयनाभर जुलवला व्हता. आमाला पन नाय म्हनून दावला. बोल्ली, मांडवान आयका.’ कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘मंग म्हनलाच नाय तिना. का र?’

मी चहा न पिता उठलो.

माझं लग्न डोंबिवलीच्या हॉलमध्ये लागलं, तुला आठवतच असेल. सासरची माणसं शिकलेली, नोकरदार, घड्याळ बघणारी. आदल्या दिवशी मी तुला स्वयंपाकघरात गाठून म्हणालो, ‘आये, उद्या धवला नको. मुलीकडच्यांना चालत नाही.’ तू विचारलंस, ‘कोन बोल्ला?’ मी सासऱ्यांवर ढकललं. तू बरं म्हणालीस आणि भाजी चिरत राहिलीस. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून बसलेलीस. तेव्हा आमचं गाणं शहरभर वाजत होतं, मी तुझ्या आवाजावर टाळ्या घेत फिरत होतो.

ते फाडलेले तुकडे गायकाने परत चिकटवलेत. वाईटच लिहिलंय, पण त्याने लिहिलं तरी. हे पत्र ढोलकीच्या पिशवीत ठेवतोय, पाठवायचं तरी कुठे. एवढंच राहिलं सांगायचं. अक्षता पडल्यावर सासरे मला शोधत आलेले. म्हणाले, ‘अहो, तुमच्या आई गाणार होत्या ना? आमच्याकडच्या बायका मघापासून वाट बघतायत.’ त्यांच्यातलं कोणीच काही बोललं नव्हतं, आये. मला तुझी लाज वाटलेली.