ह्या दोघी एकच आहेत का

आई, मोबाईल मला सारखा एकच गोष्ट विचारतोय. दोन गोल, दोन्हींत एकेक चेहरा, आणि खाली प्रश्न, ह्या दोघी एकच आहेत का. एक तू नेहमीची, मोकळ्या कपाळाची. दुसरीही तूच, पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गालावर खिडकीतलं ऊन.

तुझा फोन घेतला तेव्हा दुकानदारानं ईमेल मागितला. तुझा कुठला असणार, मी माझाच टाकला. "तुझं काय न् माझं काय, एकच की," तू म्हणालीस. त्यामुळं तुझा प्रत्येक फोटो माझ्याकडं येत राहणार, हे तुलाही कळलं नाही आणि मलाही. तू गेलीस, फोन गेला, फोटो राहिले. ती दुपार अजून डोळ्यांपुढं तरंगते. शेजारी मागाची खडखड चाललीय, विड्यांचं सूप तू बाजूला सारलंयस, घरभर तंबाखूचा वास. मी अवचित आत येतो. तू खिडकीशी. पटकन मोबाईल पालथा घालतेस, पदरानं कपाळ पुसतेस. आप्पा मी रांगत होतो तेव्हाच गेले, तुला कुंकवात मी कधी पाहिलंच नव्हतं. मी हसत विचारतो, "काय चाललंय गं?"

"कुटं काय. मी तोंड फिरवलं की तूबी फिरवायचं. पोरानं समदंच बघायचं नसतंय."

इथं तिरुपूरला कंपनीच्या दारात मशीन माझं तोंड बघतं, मगच आत सोडतं. दाढी वाढली तरी ओळखतं. माझं तोंड आता कुठं कुठं साठलंय, देव जाणे. तुला एका दुपारचं तोंड फक्त स्वतःपाशी ठेवायचं होतं. 'एकच' दाबलं तर तो फोटो तुझ्या अल्बमात जाईल, आणि तो अल्बम मी घरच्यांनाही उघडा ठेवलाय, ताई बघते, मामा बघतो. मामा काय बोलेल ते तुला माहीत. 'वेगळ्या' दाबलं तर मीच तुला परकी केली. खोलीतला बार्शीचा गडी म्हणतो, "दाब की कायतरी. मोबाईलच हाय, कोर्ट न्हवं."

खाली तिसरं बटण आहे, 'सांगता येत नाही'. मी ते दाबतो. मोबाईल थोडे दिवस गप्प बसतो, परत विचारतो, मी परत तेच दाबतो. त्याच्याशी खोटं बोलायला मला काही वाटत नाही. तुझ्याशी नको. तू सांगितलं होतंस, तरी मी तोंड फिरवत नाही गं. रोज बघतो.