नुसती ॲसिडिटी

३ जुलै
कॅन्सर! जठराचा. आणि विश्वास रिपोर्टची घडी करून खिशात घालतो, वर मला म्हणतो, "मृदुला, चल, शेवउसळ खाऊ." शेवउसळ! भर रस्त्यात ओरडले त्याच्यावर. ओरडू नको तर काय करू?

४ जुलै
सगळा राग डॉ. मोहनरावांवर. घरचे डॉक्टर! वर्षानुवर्षं ह्याची जळजळ ऐकून गोळ्या लिहून देत आले. "मकरपुऱ्याच्या कारखान्यातली शिफ्ट, कँटीनचं तळलेलं — ॲसिडिटीच ती." आम्ही नंदीबैलासारख्या माना हलवल्या.

६ जुलै
बायोप्सी तपासणाऱ्या मॅडमना भेटले. "बेसो बेन," म्हणत समोर बसवलं आणि शांतपणे समजावलं. पोटात एक जंतू, बहुधा लहानपणीच शिरलेला. त्याने जठराच्या अस्तराला सूज आली, ती कधी उतरलीच नाही. पेशी मरत राहिल्या, नव्या घाईघाईने होत राहिल्या. घाईत चुका! काही जठराच्या असून आतड्यासारख्या झाल्या. मग वेड्यावाकड्या. मग ह्या, कॅन्सरच्या.
सगळ्यांना होत नाही म्हणे, थोड्यांनाच. वेळेवर जंतू मारला तर धोका पुष्कळ कमी.
वेळेवर!!

७ जुलै
वाडीतल्या मोहनरावांच्या दवाखान्यात गेले. पेशंटांसमोरच सुरू झाले — "तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलंत!" मोहनरावांनी दार लावलं.
"नळी घालून दुर्बिणीने पोट तपासून घे म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं होतं. म्हणाला, करून आलो, सगळं साफ आहे."
"आणि रिपोर्ट न बघता तुम्ही ऐकलंत?"
मान खाली.

घरी आले. विश्वासला विचारलं, खोटं का बोललास?
"बाबा असेच नळी घालायला गेले होते. परत आलेच नाहीत. या वेळी तू ओढत नेलंस म्हणून गेलो."
सासरे जयसिंगराव. पोटाच्याच दुखण्याने गेले, मी सून म्हणून येण्याआधी. मला एवढंच माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी झोपतो हा माणूस — आणि ही भीती मला सांगता आली नाही? ताट तसंच टाकून उठले. जेव एकटा!

८ जुलै
अबोला.

२९ जुलै
ऑपरेशन झालं. अर्ध्याहून जास्त जठर काढलं. पुढे केमो आहेच. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य — "अजून रागावलीयेस?"
हो. खूप!

१७ ऑगस्ट
घरच्यांनीही तपासून घ्या, असं सर्जन म्हणाले होते. माझ्यातही तोच जंतू निघाला. सूज आहे, पेशी अजून बदललेल्या नाहीत. उपाय? चौदा दिवसांच्या गोळ्या. बस, एवढंच!
विश्वासला सांगितलं. "एवढंच?" म्हणाला, आणि उशीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला.
बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं राहिलं. त्याच्या पोटाला धक्का लागणार नाही अशी, हळूच शेजारी आडवी झाले.