अनंता तिकडे, चंद्रा इकडे

मु. शेलार, ता. भिवंडी

दादा, तुझ्या त्या गोऱ्या पोरीनं आमच्या माळ्यावरचे सगळे सुके बोंबील संपवले, आणि वर मलाच विचारते, मावशी, आणखी आहे का. रागात लिहायला बसले म्हणून नमस्कार मागे राहिला, तो आता घे. तीर्थस्वरूप केसरीनाथदादास धाकटी बहीण गोदूचा दंडवत. वहिनीचे गुडघे कसे आहेत? (तिला म्हणावं एरंडाचं पान बांध, डॉक्टर नुसता दाबून बघतो.) इकडे ती पोर, म्हणजे चंद्रा, बरी आहे, बाकीचे आम्ही आहोत. दुसरीतलं अक्षर आहे, लावून वाच. मास्तर आहेस म्हणून चुका काढत बसू नकोस.

हे सगळं तू केलंस. माझ्या अनंताला अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत वर्षभर कापडाचं शिकायला पाठवू, असं तू आमच्या ओटीवर बसून म्हणालास. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, भिवंडीत कुत्रं हाकललं तरी ते लूमखाली जाऊन बसतं, इथल्या पोरानं कापड शिकायला समुद्र कशाला ओलांडायचा? तू म्हणालास, गोदू, तुला नाही कळायचं. बरं, नाही कळलं. मग म्हणालास, आपला मुलगा त्यांच्या घरी राहील, त्यांची मुलगी आपल्या घरी. ते मात्र मला लगेच कळलं. आणि ती पोर इकडे आली कशाला? तर कामतघरला कासमशेठच्या कारखान्यात लूम बघायला. म्हणजे इकडचं माणूस कापड शिकायला तिकडे, तिकडचं इकडे. दोघं आपापल्या घरी बसली असती तर विमानाचे तरी हेलपाटे वाचले असते.

तर हे साटंलोटं झालं. आमचे हे म्हणतात, 'अगं, तो शिकायला गेलाय, नांदायला न्हाय.' (ह्यांचं सोड, हे म्हशीशीसुद्धा वाद हरतात.) आपली तुळजाआत्या साट्यालोट्यातच दिली होती ना? तिकडे तिला कोणी टाकून बोललं की इकडे त्यांच्या पोरीच्या ताटातलं कालवण पातळ व्हायचं. त्यांची पोर रुसून माहेरी गेली की त्याच संध्याकाळी तुळजाआत्या ट्रंक घेऊन आपल्या दारात, तिचं स्वतःचं काही भांडण नसताना. नियम म्हणजे नियम.

मी पहिल्या दिवसापासून नियमानं चालले. तिचं कॅरल हे नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून नव्या सुनेचं बदलतो तसं बदलून चंद्रा ठेवलं. मग अनंतानं लिहिलं, इथली बाई माझं ताट मलाच धुवायला लावते. ठीक. मी चंद्रापुढे घरातली सगळी भांडी टाकली. तिनं ती घासली, शेजारच्या पार्वतीचीही घासून आली, आणि आता पार्वती रोज कुंपणावरून विचारते, पोरगी मोकळी हाय का. अनंतानं लिहिलं, सकाळी थंड दुधात मक्याचा वाळका चुरा देतात. मी चंद्राला शिळी भाकरी आणि भाजलेला बोंबील दिला. त्याचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे. मग लिहिलं, दारातलं बर्फ फावड्यानं ओढावं लागतं. आता शेलारात बर्फ मी कुठून आणू? शेण ओढायला गोठा दिला. तर म्हैसच तिची झाली. मी धार काढायला बसले की म्हैस मान वळवून मागे बघते, आणि चंद्रा आल्याशिवाय पान्हा सोडत नाही. तू दिलेली म्हैस, दादा. माझ्या माहेरची.

आणि ती युनिव्हर्सिटी. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला बस लागते म्हणे. म्हणजे शेलारपासून काल्हेरपर्यंत सगळी एकच शाळा. वर शाळेचे स्वतःचे पोलीस आहेत. तिथली पोरं असं करतात तरी काय? हे तू ओटीवर बसून सांगितलं नाहीस.

आता मुद्दा. होळी झाली की चंद्राचं वर्ष भरतं, ती जाणार. आणि परवा अनंताचं पत्र आलं, आई, मी आणखी एक वर्ष राहतो, शिकायचं खूप आहे. त्यांचं माणूस परत आणि माझं तिथेच, हे कुठल्या साट्यालोट्यात बसतं? म्हणून मी चंद्राचे बूट लपवले. भाताच्या कणगीत, पार तळाशी. त्या मापाचे बूट भिवंडीच्या बाजारात मिळत नाहीत, आमच्या ह्यांचे दोन्ही पाय एका बुटात जातात. म्हटलं, अनवाणी माणसाला विमानात कोण घेतंय. तर ती तशीच कामतघरला चालत गेली, हसत. कासमशेठच्या रुकय्याभाभीनं मला भर बाजारात धरलं. म्हणते, 'क्या गोदूबाय, दूसरे की बच्ची को नंगे पाँव फिराती? तेरा बच्चा भी तो किसी के घर में है.' आता हिला काय सांगू, तो आहे म्हणूनच तर.

तेव्हा तू त्या युनिव्हर्सिटीला इंग्रजीत खडसावून लिही की आमचा मुलगा आल्याशिवाय तुमची मुलगी निघणार नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी, गोदू

ता. क. चंद्राच्या पायात बाभळीचा काटा गेला. मी सुईनं काढला. ती रडली नाही. माझ्या डोळ्यांत चुलीचा धूर गेला होता. ठाण्याच्या मोच्याकडून तिला चपला करून आण, पायाचं माप म्हणून सुतळी पाठवते. मी सांगितलं म्हणू नकोस. बूट परत दिले तर माझी हार होते.

आणखी एक. म्हैस आटेपर्यंत चंद्रा राहिली तरी माझी हरकत नाही, पण हे युनिव्हर्सिटीला लिहू नकोस.

शेवटचं. काटा काढताना डोक्यात आलं, तिकडची ती बाईही आईच आहे, तिनंही नियम पाळला असणार. शिकायचं खूप आहे, हे अनंता मला बरं वाटावं म्हणून लिहितो. पोराचे बूट जागेवर नसणार. आणि तिकडे बर्फ आहे, दादा. तू त्याला तार करून एवढंच विचार, बूट आहेत का. नसतील तर त्या बाईला कळव, तिनं एक काढला की मी एक काढते. होळीच्या आदल्या दिवसापर्यंत मला उत्तर हवं, कणगी उपसायला एक दिवस जातो.