भट्टीला नाक नसतं

४ मार्च
मी हार मानणार नाही! मालक म्हणाले, "हवेतून ऑक्सिजन गाळणारे तुमचे हे पडदे फार वीज खातात. काचेच्या भट्टीला ऑक्सिजनचे सिलिंडरच परवडतात." आठ दिवस दिलेत. नाही जमलं तर पडदे भंगारात.
राग आला, पण त्यांचं खोटं नाही. पडद्यातून ऑक्सिजन लवकर पार होतो, बाकीची हवा आपण सोडून देतो. आणि माझा पंप अख्खी हवा दाबून पडद्यांवर ढकलतो. म्हणजे जी फेकायची तिच्यावरच वीज! हा मूर्खपणा माझाच. महिनाभर डोक्यातच आलं नाही.

५ मार्च
दादा त्याच्या गाडीतून बारा सिलिंडर उतरवून गेला. आमच्या कारखान्याची फेरी ही त्याची सगळ्यात मोठी. "माझ्याच पोटावर पाय देतेस की काय गं?" हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

७ मार्च
पंप पडद्यांच्या पलीकडे लावला. आता ढकलायचं नाही, ओढायचं! पार होईल तेवढंच पंपाला ओढावं लागतं. वीज निम्म्याहून खाली! फिटर म्हणाला, "बाई, तुम्ही वेड्या आहात." आणि सगळे नट स्वतःच आवळले.

८ मार्च
हिशेबनीस — "पण यात ऑक्सिजन तीसच टक्के! सिलिंडरमधला शुद्ध असतो." अहो, तो शुद्ध घेऊन करता काय? हवेतच मिसळता ना! भट्टीला तीस पुरे. भट्टीला नाक नसतं. तोंडावर सांगितलं.

११ मार्च
तीन दिवस भट्टी नुसत्या पडद्यांवर; दादाचे बारा सिलिंडर उघडलेही नाहीत. ज्योत कडक. काच स्वच्छ. वीज धरूनही सिलिंडरच्या निम्मा खर्च!

१२ मार्च
आकडे बघून मालक काय म्हणाले? — "मधूनमधून सिलिंडर सोडलेत ना?" चोर ठरवलं मला! म्हटलं, उद्या दादाची गाडी येईल, तेव्हा त्याच्याकडून सिलिंडरचा दाब मोजून घ्या.
"मोजू की," म्हणाले. "गाडीवाला तुमचा भाऊ असला म्हणून काय झालं? स्वतःची फेरी जाईल असं तो थोडाच बोलणार आहे!"
घरी दादाला काही बोलले नाही. विनवण्या करायच्या नाहीत. बघू.

१३ मार्च
दादाने एकेका सिलिंडरला दाबाचं घड्याळ लावलं. "बाराच्या बारा भरलेले," सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. मग स्वतःच ते परत न्यायला गाडीत चढवले. जाताना मला एवढंच म्हणाला — "पंपात तेल वेळेवर घालत जा."