मागच्या दाराचा बिघाड

मीरा रोड, रविवार

श्रीयुत पंढरीनाथराव यांस,

धर्माजी शिगवणचा नमस्कार पोहोचावा, विहीणबाईंनाही सांगावा. तुमचा खोकला बसला का? विमलाबाईंचा गुडघा जिना चढू देतो का? (नव्या घराला जिना नको असे मी तेव्हाच म्हणालो होतो. पण झाला तो झाला, आता कठडा तरी घट्ट बसवून घ्या.) आमच्याकडे सगळे ठीक. माझा मोतीबिंदू काढला, डोळा छान आहे, फक्त रात्री पाणी येते आणि सकाळी टोचते.

काशिमिऱ्याला जे झाले ते संचिताने तुम्हाला फोनवर सांगितले असेलच. मुलगी तुमची, सून आमची, खोटे ती बोलणार नाही. पण गाडीत बसून तिला दिसले तेवढेच ती सांगणार. मी बाहेर उभा होतो, मला जास्त दिसले. त्या दिवसापासून माझी पुढची सीट काढून घेतली आहे आणि तुमच्या वास्तुशांतीला माणगावपर्यंत मला मागे बसवून आणायचे घरात ठरले आहे. पुढे आमची ही, सुलू, बसणार. पुढे बसून ती काय करणार, तर झोपणार. (गाडी सुरू झाली की तिचे तोंड उघडते ते उतरताना मिटते.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सातवीपर्यंत शिकलो, पण शाळेत तीस वर्षे काढली. शिपाई होतो तरी प्रार्थनेच्या रांगा माझ्याकडे होत्या. हेडमास्तर बदलले, रांगा मोडल्या नाहीत. तेव्हा रांग म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. हायवेवरून आमच्याकडे वळायचे तर काशिमिऱ्याच्या पुलाआधी डावी बाजू धरावी लागते. संध्याकाळी तिथे गाड्यांची ही लांब शेपटी असते आणि सरळ माणसे तिच्या टोकाला जाऊन उभी राहतात. काही जण मात्र उजवीकडून, जणू पूल चढून थेट गुजरातला निघालेत अशा थाटात येतात आणि अगदी पुलाच्या तोंडाशी त्यांना आठवते की आपले घर मीरा रोडला आहे. मग इंडिकेटर लावायचा आणि नाक आत घालायचे. शाळेत असल्या पोराला मी कान धरून शेवटी नेत असे. गाडीला कान नसतात, हीच अडचण आहे.

संचिता गाडी उत्तम चालवते. पण पुढच्या गाडीमागे अख्खी हातगाडी मावेल एवढी जागा सोडते. का, तर पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर. बरोबर आहे, आम्हीही पोरांना एक हात अंतर ठेवायला लावत होतो. पण एक हात म्हणजे एक हात. हिची जागा दिसली की उजवीकडचा घुसतो, ही त्याला घेते, वर हात हलवून या म्हणते. मला म्हणते, 'अप्पा, घासाघाशी करून जायचंय कुठे? चहा दोन मिनिटं उशिरा पिऊ.' चहाचा प्रश्न नव्हता, पंढरीनाथराव. मागे ताटकळलेल्या सगळ्यांची जागा ती परस्पर वाटत होती.

त्या दिवशी आम्ही बोरिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन परत येत होतो. (डोळ्यांत थेंब घातले होते हे खरे, समोरचे जरा पसरट दिसत होते हेही खरे, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.) आधी एक टेम्पो घुसला, मग टॅक्सी घुसली, मग सिमेंट-मिक्सरचा ट्रक घुसला. तेव्हा मी ठरवले, जागा सोडायची तर सोडू, पण राखू. आपण रेशनच्या रांगेत पिशवी ठेवतो, नळावर हंडा ठेवतो. हायवेवर ठेवण्याजोगे माझ्याकडे माझ्याशिवाय काही नव्हते. गाडी थांबली तसे दार उघडले, छत्री घेतली, शाळेची शिट्टी खिशात असतेच ती तोंडात धरली आणि आमच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिलो.

संचिता आतून काहीतरी ओरडत होती. काच बंद होती, त्यामुळे मला ती शाबासकी वाटली. गुण ताबडतोब आला. छत्री आडवी धरताच घुसू पाहणारा एक जण मागे हटला. डाव्या बाजूने एक मोटारसायकलवाला मात्र इतक्या जवळून गेला की छत्रीची एक काडी घेऊन गेला, आणि जाताना 'चाचा, मरना है क्या' असे विचारून गेला. मी 'लाइन में आओ' म्हणालो, पण ऐकायला तो थांबला नाही. रांग सरकली, मी सरकलो. पुन्हा सरकली, पुन्हा सरकलो. मग ती बऱ्यापैकी सुटली तसा मागे वळलो, पांढरी गाडी उभी होती, छत्रीने काच वाजवली, दार उघडले, बसलो.

आता रस्त्यावर निम्म्या गाड्या पांढऱ्या, याला मी काय करणार? गाडीत बसलो की माझी नजर समोर असते, शेजारी मी बघत नाही. म्हणालो, 'सूनबाई, आता कोणाला घ्यायचं नाही.' उत्तर आले, 'नाही घेत, काका.' आवाज घोगरा वाटला. एसीने घसा धरला असेल म्हणून मी ओवा चघळायला सांगितले.

तेवढ्यात उजवीकडून आणखी एक पांढरी गाडी आलीच. इंडिकेटर, हॉर्न, सगळे चालू. आत एक बाई माझ्याकडे बघून हातवारे करत होती, असा उद्धटपणा मी आजवर पाहिला नव्हता. तिच्या मागे एक म्हातारी तोंड उघडून झोपली होती. मनात आले, असल्या बेशिस्त घरातही आमच्या सुलूसारखे कोणीतरी आहेच. मी शिट्टी फुंकली, 'अजिबात सोडू नको' म्हणालो, आणि खरोखर सोडले नाही. ती गाडी थोडा वेळ अडखळली, मागचे हॉर्न मारू लागले तशी पूल चढून सरळ निघून गेली. मला फार समाधान वाटले.

डावीकडे वळल्यावर शेजारून प्रश्न आला, 'काका, पावती इथेच फाडताय की चौकीवर?' तेव्हा मी मान वळवली. संचिताच्या जागी एक दाढीवाला गृहस्थ. नाव गुणवंत. मी पुढे चालत असताना हाच माझ्या पाठीमागे, आमच्या गाडीच्या पुढे घुसला होता, आणि शिट्टी-छत्री बघून मला वाहतूक खात्याचा माणूस समजला होता. माझा फोन आमच्या गाडीत. त्याने मला पाणी दिले आणि सोसायटीच्या गेटपर्यंत आणून सोडले. रांग मोडणारा माणूस इतका सज्जन निघावा, याचे मला अजून वाईट वाटते.

संचिता घोडबंदरपर्यंत जाऊन वळून आली. मी वॉचमनच्या खुर्चीत बसलो होतो. ती उतरली, माझ्याकडे बघितले आणि एक शब्द न बोलता वर गेली. बोलली असती तर मी समजावून सांगितले असते.

तेव्हापासून मी मागे. मागे मला मळमळते. शिवाय मागच्या डाव्या दारात बिघाड झालाय, बाहेरून उघडते, आतून उघडतच नाही. तुमच्या जावईबापूंना रोज सांगतोय, जितेंद्र, गॅरेजला दाखव. तो मोबाइलमध्ये बघून हसतो. परवा उजवीकडे बसलो, तर त्या दाराचेही तेच. बिघाड पसरतोय.

असो. वास्तुशांतीला येतोच. प्रकृतीला जपा, जिन्यावर दिवा लावून ठेवा.

तुमचा,
धर्माजी

ता. क. संचिता तुमचा शब्द मोडत नाही. फोनवर सहज म्हणावे, 'व्याह्यांना पुढे बसव, वाटेत वडखळला गर्दी असते, त्यांची नजर चांगली आहे.' मी लिहिले असे सांगू नये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तेव्हा सुलूने विचारले, काय लिहिलेत. दाराचे वाचून दाखवले तर म्हणाली, अहो, बिघाड कसला, लहान मुलांसाठी लॉक असते ते, संचिताने त्याच दिवशी लावले. आणि सांगितले की तिला घोडबंदरला जाग आली तेव्हा संचिता गाडी कडेला लावून रडत होती. मोटारसायकल माझ्या अंगावरूनच गेली असे तिला क्षणभर वाटले होते. हे मला कोणी सांगितले नव्हते. शिट्टी मी तिच्या गाडीच्या खणात ठेवून दिली आहे. तर फोनवर माझ्या नजरेचे वगैरे काही बोलू नका. एवढेच विचारा की तसले लॉक पुढच्या दाराला बसवून मिळते का. मिळत असेल तर बसवून घे म्हणावे.